ओच्यातली फुलं

“काकू, तुमच्या केटरिंगमध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती पानं उठायची हो?”

जेवायला आलेल्या अश्लेषाने सासूबाईंना अगदी सहज विचारलं. तिच्या ताटात तिसरी पोळी होती आणि ती बोटाने दाबून तिचे पदर सुटताना बघत होती. समोर टीव्हीवर आमच्या इटलीच्या सहलीचे फोटो चालू होते. तन्मयने हातातला रिमोट उगाचच उलटा करून पाहिला. मी कोशिंबिरीचं भांडं उचललं. त्यात भरपूर कोशिंबीर होती, तरी “आणते हं अजून” म्हणून उठले. हा प्रश्न आला की आम्हा नवराबायकोची अशीच धावपळ होते. बारा वर्षांचा सराव आहे.

कारण केटरिंग कधी नव्हतंच.

माझ्या सासूबाई, सरोजिनीबाई, पुण्यात लोकांच्या घरी पोळ्या करायला जायच्या. एक-दोन नाही, तीस वर्षं. सकाळी सहाला घराबाहेर पडायचं, सहकारनगर ते पर्वती पायथा असं पायी फिरायचं, अकरा घरांच्या कणका मळायच्या आणि दुपारी दोनला स्वतःच्या चुलीशी यायचं. सासरे तन्मयच्या लहानपणीच गेले. त्या अकरा घरांच्या पोळ्यांवर तन्मय शिकला, डॉक्टरेट मिळवली आणि सिंगापूरला आला. तिथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका संशोधन संस्थेत रुजू झाला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जेवताना कुणीतरी विचारलं, आई काय करते? त्याच्या तोंडून निघून गेलं, “केटरिंग.” बोलून बसला आणि मग निस्तरत बसला.

मला त्याने लग्नाआधीच खरं सांगितलं होतं. पण माझ्या माहेरी तोच शब्द मीसुद्धा वापरला. “तन्मयच्या आईंचं केटरिंग होतं,” असं मी मम्मीला सांगितलं आणि मम्मीला ते बरं वाटलं. आमचं माहेरचं घर सहकारनगरातच. सासूबाईंच्या अकरा घरांत ते नव्हतं, हे मी माझं नशीब समजत होते. तेव्हा या खोटेपणात दोष एकट्या तन्मयचा नाही, निम्मा माझा आहे.

सासूबाईंनी कधी आमची चूक दुरुस्त केली नाही. कुणी काही विचारलं की “असायचं की, बरंच” एवढं म्हणून आत निघून जायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे सिंगापुरात बिशानला राहायला आल्या आणि शेजारच्या घरी राहून घरकाम करणारी हेल्पर, इंडोनेशियाची सिती, हीच त्यांची पहिली मैत्रीण झाली. पाच वाजता ब्लॉकच्या खाली बाकावर दोघी बसतात. या मराठीत बोलतात, ती तिच्या भाषेत, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. “काय बोलता एवढं?” असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, “गुडघ्याचं आणि मनगटाचं. त्याला भाषा कशाला लागते?”

तर ती सहल. एप्रिलमध्ये पिसाला तन्मयची परिषद होती, म्हणून आम्ही चौघं गेलो. तो कललेला मनोरा बघून सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. “बांधणाऱ्यानं ओळंबा नीट धरला नाही, आणि त्याचंच कौतुक चाललंय.” परिषद संपली, एक दिवस हातात होता. तन्मय म्हणाला, लुक्काला जाऊ, रेल्वेने अर्धा तास.

“लुच्चा?” सासूबाईंनी विचारलं.

“लुक्का, आजी! लुक्का!” आमची लेक पूर्वी नऊ वर्षांची आहे आणि आजीच्या चुका सुधारणं हे तिचं आवडतं काम आहे.

स्टेशनबाहेर पडलो आणि समोर तटबंदी उभी राहिली. लाल विटांची, अंगाने ऐसपैस. खरी गंमत तटाच्या माथ्यावर होती. तिथे मोठमोठ्या झाडांची रांग होती आणि झाडांखालून माणसं सायकलवरून आरामात चालली होती. लढाईसाठी बांधलेल्या तटावर या लोकांनी बाग केली होती. मी अशी जागा आजवर पाहिली नाही. सासूबाई रस्त्यातच थांबल्या.

“अख्ख्या गावाला कोट आहे गं. वेस कुठाय?”

पूर्वीला सायकल हवी होती, तन्मयला कॉफी. पण सासूबाईंनी ठरवून टाकलं. परक्या गावात शिरायच्या आधी गावाला एक फेरी घालायची, गाव उजव्या हाताला ठेवून.

“आई, चार किलोमीटर आहे. गुडघे दुखतील.”

“अकरा घरं चालत केलीत रे मी,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

मी दचकून आजूबाजूला पाहिलं. मग लक्षात आलं, इथे कोण मराठी ऐकतंय? सिंगापूरमध्ये हे वाक्य त्या कधी इतक्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. तिथे आमच्या घरात बोलायलाही त्यांना बहुधा आमची परवानगी लागत होती, आणि ती आम्ही दिली नव्हती.

तटावरचा रस्ता चांगला रुंद होता. एका बाजूला हिरवळ आणि लांबवर डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली घरांची परसदारं. वाळत घातलेल्या चादरी, कुंड्या, लिंबाची झाडं, उघड्या खिडकीतून दिसणारे ओटे. सगळे प्रवासी डोंगरांचे फोटो काढत होते. सासूबाई मात्र घरांच्या मागच्या बाजू बघत होत्या, एखादीने साड्या बघाव्यात तशा.

“मागची बाजूसुद्धा किती निगुतीनं ठेवलीय बघ,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडं पुढनं रंग, मागं सगळा गदाळा. मला तर किती घरांची पुढची दारं माहीतच नव्हती. मागच्या जिन्यानं जायचं, मागच्या जिन्यानं यायचं.”

अर्ध्या वाटेवर एका झाडाखाली बाक होता. तन्मय आणि पूर्वी सायकल आणायला गेले, आम्ही दोघी बसलो. सासूबाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. पिसातल्या भाड्याच्या घरात सकाळी उठून त्यांनी दशम्या केल्या होत्या. तिथलं पीठ मैद्यासारखं निघालं म्हणून वाटभर कुरकुरल्या होत्या, पण दशम्या मऊसूत झाल्या होत्या.

“अशाच झाडाखाली बसायचो आम्ही,” त्या म्हणाल्या. “सहकारनगरात शेवटच्या स्टॉपवर एक गुलमोहर होता. साडेअकराला पाच जणी जमायचो. सगळ्या पोळ्यावाल्या. आपापले डबे उघडायचे, पाय पसरायचे. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाची पोरगी परीक्षेत नापास झाली, तुमच्या आधी आम्हाला ठाऊक.”

मी हसले. मग एकदम मला आमच्याकडच्या पोळ्यावाल्या काकू आठवल्या. उंच, सावळ्या, डाव्या हाताने लाटणाऱ्या. कणकेचा एक गोळा काढून त्याची चिमणी करायच्या, जिऱ्याचे डोळे लावायच्या आणि तव्याच्या कडेला भाजून मला द्यायच्या. त्या चिमणीसाठी मी शाळेची रिक्षा थांबवून ठेवायची. त्यांना चहा देण्यासाठी कान तुटलेला एक वेगळा कप होता, तोही आठवला. नाव मात्र आठवेना. आठवेल नंतर, असं मनाशी म्हणून मी दशमीचा तुकडा मोडला.

फेरी पुरी करून आम्ही वेशीतून गावात शिरलो, तर गावभर फुलंच फुलं. गल्लीत, चौकात, दुकानांच्या पायऱ्यांवर रोपं आणि ताटवे मांडलेले. एका मनोऱ्याच्या गच्चीवर तर खरीखुरी झाडं वाढली होती. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं. “मुळं स्लॅबात शिरतील,” म्हणाल्या, पण नजर काढवेना त्यांची. सहाशे वर्षं उभा आहे, असं तन्मयने सांगितल्यावर दोन्ही हात जोडून मोकळ्या झाल्या.

माणसांची रीघ एका चर्चकडे चालली होती. आम्हीही गेलो. आत गारवा, मेणबत्त्या आणि फुलांचे ढीग, आणि त्या ढिगांमध्ये काचेची पेटी. पेटीत एक बाई निजलेली. एवढीशी, काळी पडलेली, वाळून गेलेली, पण हात नीट जुळवलेले. म्हातारेकोतारे, सुटातले पुरुष, लेकुरवाळ्या बाया, सगळे ओळीने येऊन काचेला बोटं लावत होते.

“कोण रे ही?” सासूबाईंनी विचारलं.

तन्मयने मोबाइलवर वाचलं. “संत झीता. तेराव्या शतकातली. आज तिचा दिवस आहे, सत्तावीस एप्रिल.”

“करायची काय?”

“संत होती, आई.”

“ते मेल्यावर रे. जित्तेपणी काय करायची?”

तन्मयने खाकरून घसा साफ केला. “म्हणजे... सेवा. धार्मिक वृत्तीची होती.”

पूर्वी तिकडच्या फलकावरचं इंग्रजी वाचून धावत आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजी, शी वॉज अ हेल्पर ला! लाइक सिती आंटी! बारा वर्षांची असताना स्टार्ट केलं. सेम हाउस, टिल शी डाइड!”

“हेल्पर?” सासूबाई म्हणाल्या.

हा शब्द त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या पेटीकडे पुन्हा एकदा बघत राहिल्या, आता निराळ्या नजरेने. मग त्यांनी पिशवी उघडली, डबा काढला, एक दशमी कागदी रुमालावर ठेवली आणि फुलांच्या शेजारी पेटीच्या पायथ्याशी ठेवून दिली. वर बोटाने पाण्याचं मंडल काढल्यासारखं केलं.

“आई!” तन्मय कुजबुजला. त्याचे कान लाल झाले होते. “इथे नैवेद्य नसतो. उचल ते, प्लीज. लोक बघतायत.”

“बघू देत की.”

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक म्हातारी आमच्याकडे आली. आता बोलणी बसणार म्हणून मी माफीची वाक्यं जुळवायला लागले. ती वाकली, तिने दशमीकडे नीट पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, “पाने?”

“पानं नाही हो, पोळी,” सासूबाईंनी सांगितलं.

पाने म्हणजे त्यांच्या भाषेत पाव, हे तन्मयने सांगितलं. म्हातारीचा चेहरा खुलला. तिने सासूबाईंचा हात धरला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागली. तन्मय मराठी करत गेला, आणि त्याचा आवाज दर वाक्याला उतरत गेला. झीता मालकाच्या घरातल्या उरलेल्या पोळ्या गरिबांना नेऊन द्यायची. इतर नोकरांनी चहाडी केली. मालकाने तिला वाटेत अडवलं आणि विचारलं, ओच्यात काय आहे? ती म्हणाली, फुलं. मालक म्हणाला, दाखव. तिने ओचा सोडला...

तन्मय थांबला.

“आणि?” सासूबाईंनी विचारलं.

“फुलंच निघाली.”

सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं. “बरं झालं बाई,” त्या झीताला म्हणाल्या, शेजारणीशी बोलावं तशा. मग तन्मयकडे वळल्या. “मालकाचं नाव काय होतं?”

“थांब, बघून सांगतो.” तो मोबाइल चाळायला लागला.

“राहू दे. बघायला लागतंय ना? झालं तर मग.”

म्हातारीने दशमी तिथेच ठेवली, जरा आत, फुलांच्या मधोमध सरकवून. ढिगातलं एक पिवळं फूल तिने सासूबाईंना दिलं. त्यांनी ते केसांत माळलं. नवरा गेल्यापासून त्यांनी केसांत फूल घातलं नव्हतं, मी तर कधीच पाहिलं नव्हतं. मी पेटीसकट फोटो काढला. तन्मय तोवर बाहेर जाऊन पायरीवर बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

तोच फोटो आता टीव्हीवर आला होता, आणि त्याच वेळी अश्लेषाने पानांची चौकशी केली होती. तिचा नवरा यशोधन हा तन्मयचा गटप्रमुख. दोघं तीन वर्षं आमच्याकडे जेवायला येतात. “आणते हं अजून” म्हणून मी कोशिंबिरीचं भांडं घेऊन दारात पोचले, तर सासूबाई गरम पोळी घेऊन समोरून येत होत्या. मला वाटलं, नेहमीचं म्हणतील, “असायची की, बरीच,” आणि आत जातील.

त्यांनी पोळी यशोधनच्या ताटात ठेवली. त्या तिथेच थांबल्या.

“पानं नाही उठायची,” त्या म्हणाल्या. “केटरिंग नव्हतंच ते. पोळ्या करायची मी. लोकांच्या घरी जाऊन. अकरा घरं होती.”

यशोधनचा हात ताटात थांबला. अश्लेषा आधी हसली, मग तन्मयकडे बघून तिचं हसू ओसरलं. तन्मय खाली बघत होता. मला भांडं कुठे ठेवावं कळेना.

पूर्वीला मात्र काहीच अवघड वाटलं नव्हतं. “लाइक हर!” ती टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली. “शी अल्सो वर्क्ड इन अदर पीपल्स हाउस. आणि तिने ब्रेड घेतला ना, देन बॉसने चेक केलं, तर ऑल फ्लावर्स!”

“किती छान गोष्ट आहे,” अश्लेषा घाईघाईने म्हणाली. विषय बदलतोय याचं तिला हायसं वाटलं असावं.

“छानच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “माझीपण पिशवी एकदा उघडायला लावली होती. एका घरी, जिन्यातच. शेवटच्या गोळ्याच्या दोन घेतल्या होत्या.” त्यांनी फडक्याला हात पुसले. “माझ्या पिशवीतनं पोळ्याच निघाल्या.”

आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पुण्यात पाऊस कमी झाला, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

तन्मय उठला. लुक्कातल्या पायरीवर तो काय विचार करत बसला होता, ते मला तेव्हा समजलं. “त्या माझ्यासाठी होत्या,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी विचारलं होतं, आज पोळी का नाही. तू म्हणालीस, विसरले.” मग यशोधनकडे वळून म्हणाला, “केटरिंग हा शब्द माझा, यशोधन. आईने तो एकदाही उच्चारलेला नाही.”

टीव्हीवर फोटो आपले सरकत राहिले. शेवटी अश्लेषाने ताट पुढे केलं. “काकू, मला अजून एक. तव्यावरची.” चौथी पोळी तिला जड गेली असणार, पण तिने ती सगळी खाल्ली. बाई चांगली आहे. उगाच इतकी वर्षं मी तिला घाबरले.

पाहुणे गेल्यावर मी पुण्याला फोन लावला. ओट्याशीच उभी होते, फोन स्पीकरवर. सासूबाई शेजारी पोळपाट धूत होत्या.

“मम्मी, आपल्याकडे पोळ्यांना यायच्या ना, त्या काकूंचं नाव काय होतं गं?”

“कोण, काकू? काकूच म्हणायचो आपण.”

“नाव असेल ना काहीतरी.”

“असेल की. बारा वर्षं होत्या आपल्याकडे. भारी हात होता हो. थांब, पप्पांना विचारते.” फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग लांबून मम्मीचं “अहो, ऐकलंत का?”

सासूबाईंनी नळ बंद केला. मागे न वळता म्हणाल्या, “सुलेखा.”

“काय?”

“सुलेखा शेलार. डावखुरी. कणकेच्या चिमण्या करायची. त्या घरात एक पोरगी आहे म्हणायची, चिमणी घेतल्याबिगर रिक्षात बसत नाही. ऋता नाव.”

ते माझं नाव. “तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?”

“लग्नपत्रिकेवर तुझं नाव आणि पत्ता वाचला तेव्हाच. तुझ्या लग्नात सुलेखाला बोलवावं असं फार मनात होतं.”

“मग बोललात का नाही, आई?”

“तुमचं केटरिंग होतं ना मधे,” त्या म्हणाल्या, आणि हसल्यासुद्धा.

“आता कुठे असतात त्या?”

“गेली. चार वर्षं झाली. मी इकडे यायच्या आधीच्या वर्षी.” त्यांनी पोळपाट भिंतीला टेकवून उभा केला, त्याच्या कडेचं पाणी पुसलं. “बेस्ट लाटायची. माझ्याहून पातळ.”

फोनवर मम्मी परत आली होती. “अगं, पप्पांनाही नाही आठवत. आता इतक्या वर्षांनी कशाला पाहिजे तुला?”

“सुलेखा,” मी म्हणाले. “सुलेखा शेलार. लिहून घे, मम्मी. आणि बस जरा, तन्मयच्या आईंबद्दलही सांगायचंय.”